फटाक्याला वेळ असावी

फटाक्यांवरचा वाद दर दिवाळीला धूर किती आणि आवाज किती, या दोन मापांत अडकतो. कुत्र्यांचा विषय निघाला की तोही डेसिबलच्याच तागडीत तोलला जातो. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंतचे, तेव्हा त्याला त्रास जास्त होणारच, एवढे सांगून आपण मोकळे होतो. हे खरे आहे, पण त्याने एका साध्या गोष्टीचा उलगडा होत नाही. रेल्वेच्या फलाटावर वाढलेली कुत्री मालगाडी धडधडत जात असताना कूस बदलून झोपतात, आणि जवळ एक सुतळी बॉम्ब फुटला की शेपूट पायांत घालून सैरावैरा पळतात. गाडी लांबून ऐकू येते, जवळ येते, निघून जाते. फटाका कुठून फुटेल याची चाहूल नसते. पुढचा आवाज दहा सेकंदांनी येईल की दोन तासांनी, तेही कळत नाही. म्हणून कुत्र्यांच्या वतीने एकच मागणी करायची झाली, तर ती आवाज थोडा उतरवण्याची नव्हे, त्याला वेळ आणि जागा बांधून देण्याची असावी, असे मला वाटते.

यावर ठरलेले उत्तर येते: चार दिवसांचा तर प्रश्न, सवय होते. सवय होते ती सौम्य, एकसारख्या, निरुपद्रवी आवाजाची. जोरदार आणि अवचित आवाज पुन्हा पुन्हा कानी पडला की बऱ्याचदा उलटेच घडते. भीती मुरत जाते, आणि मग ढगांचा गडगडाट किंवा एखादे दार आपटणेही पुरते. शिवाय चार दिवस म्हणजे कुठले? विसर्जनाची मिरवणूक, वरात, क्रिकेटचा विजय, तुळशीचे लग्न, ३१ डिसेंबर. बर्न विद्यापीठातील स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांची माहिती त्यांच्या पालकांकडून मिळवली, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक कुत्र्यांना कमीअधिक प्रमाणात फटाक्यांची भीती असल्याचे दिसले. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१३ साली मांडलेली गोष्ट मला अधिक बोचरी वाटते. आवाजाला घाबरल्याचे एखादे तरी लक्षण जवळपास निम्म्या कुत्र्यांत होते. पण आपले कुत्रे आवाजाला घाबरते असे एकूण पालकांपैकी सुमारे पाव जणांनीच म्हटले होते. ‘आमच्याला काही होत नाही’ हे वाक्य ऐकताना एवढे ध्यानात असावे. धापा, लाळ, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, अवेळी जांभया, पुढे केलेला खाऊ नाकारणे, ही सगळी त्या भीतीचीच लक्षणे असू शकतात.

घरात काय करावे, तर तिथेही सूत्र तेच: अनिश्चितता कमी करायची. रस्त्यापासून लांबची खोली, बंद खिडक्या, पंख्याची किंवा टीव्हीची सलग घरघर, टेबलावरून जमिनीपर्यंत सोडलेली जाड गोधडी. संध्याकाळचा फेरफटका दिवेलागणीआधी, तोही पट्ट्यानेच. गळ्यात फोन नंबर लिहिलेला बिल्ला हवा, कारण बिथरलेले कुत्रे फाटकावरूनही उडी टाकते. रीमर यांच्या पाहणीत सत्तर टक्क्यांहून अधिक पालकांनी गुणकारी म्हटलेला उपाय अगदी साधा आहे: धडाका झाला की लगेच आवडीचा घास, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा. क्रम मात्र चुकू नये. आधी घास आणि मग धडाका असे होत राहिले, तर घासच धोक्याची घंटा ठरतो. फराळाच्या ताटातले काही देऊ नये. रव्याच्या लाडवातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो. जवळ घेतले तर भीतीचे लाड होतात, ही समजूतही सोडावी. बक्षिसाने वागणे बळावते; भीती ही भावना आहे, ती कुशीत घेतल्याने वाढत नाही. ज्याचे हाल जास्त होतात त्याच्यासाठी पशुवैद्याकडे जावे, आणि तेही वसुबारसेआधी. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली गोळी नको: नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने अंग ढिले पडते, मनातली धास्ती तशीच राहते.

पण बंद खिडकीची मर्यादा घरातल्या कुत्र्यापुरती, आणि तीही तासाभराचीच. म्हणून प्रश्न पुन्हा वेळेवर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वर्ज्य केले. २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली आणि माळांवर बंदी घातली. नागपूरच्या ‘नीरी’ने पुढाकार घेतलेल्या हरित फटाक्यांवर अनेकांची भिस्त आहे. धुरातले कण ते साधारण तीस टक्क्यांनी कमी करतात, हे चांगलेच. पण फुटायचे ते फुटतातच. चार मीटरवर १२५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा पाळणारा फटाकासुद्धा कुत्र्याच्या दृष्टीने अवचितच. दोन तासांची चौकट मात्र पाळली गेली, तर खोली, घास, औषध, सगळ्याचे गणित आखता येते.

परंपरेचा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. फक्त ती नीट पाहावी. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीचा इतिहास लिहिला, त्यात पेशव्यांच्या बखरीतला एक उल्लेख आहे. कोट्याचा राजा दिवाळीत दारूकामाची लंका करतो, तीही नगराबाहेर, असे महादजी शिंदे सवाई माधवरावांना सांगतात. म्हणजे एक जागा, एक वेळ, आणि सारा गाव बघायला. जिन्याखाली रात्री साडेअकराला पेटवलेला बॉम्ब या परंपरेत कुठे बसतो? मोठ्या सोसायट्यांना ही जुनी रीत सहज परवडेल: एक मैदान, एक तास, आठवडाभर आधी फलकावर सूचना.

नरक चतुर्दशीच्या पहाटेचे काय, हा खरा अवघड प्रश्न. अभ्यंगस्नानानंतरचा पहिला फटाका हे आपल्याकडचे सर्वांत लाडके दृश्य, आणि नियमाच्या चौकटीत न बसणारेही. तो सोडावा असेच माझे मत आहे. रात्रीच्या आवाजांनी पळालेले गल्लीतले कुत्रे पहाटेच्या शांततेत आपल्या हद्दीकडे परतायला बघते, वाटेत दुसऱ्या टोळीच्या हद्दी असतात, आणि त्याच वेळी पुन्हा धडाका झाला की ते उलट्या दिशेने, बहुधा हमरस्त्यावर, धावते. त्याच पहाटे नेपाळात कुकुर तिहारची तयारी सुरू असते. तिथे या दिवशी कुत्र्याला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपल्याकडे माळ घातली नाही तरी चालेल. सहा वाजेपर्यंत त्याला घर गाठू द्यावे.