सटवाईचा लेख आणि १०८ची गाडी

धुळ्यात पांझरेच्या काठी, देवपुरात एकवीरा देवीचं मंदिर आहे. चैत्रात तिथं यात्रा भरते आणि खान्देशातली कुटुंबं आपापल्या बाळांचं जाऊळ काढायला येतात. मामाच्या मांडीवरचं बाळ वस्तरा लागताच टाहो फोडतं आणि भोवतालची सगळी मंडळी हसतात. एरवी लेकरू रडलं की घर कासावीस होतं. इथं त्याचं रडणं साऱ्यांना हवं असतं, कारण नवस फिटलेला असतो आणि बाळ हाताला लागलेलं असतं.

सगळ्याच नवसांची अखेर अशी होत नाही. बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री घरातली म्हातारी पाटा-वरवंटा पुजते, कोरा कागद आणि लेखणी मांडते, रात्रभर दिवा जपते. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते अशी श्रद्धा आहे. ते लिखाण आईलाही वाचता येत नाही. पुढे काही विपरीत घडलं, तापानं, जुलाबानं नाही तर विंचवाच्या नांगीनं मूल गेलं, की पाठीवरून हात फिरवत कोणीतरी अहिराणीत म्हणतं, ‘तेनं आयुष्यच एवढं व्हतं.’

या वाक्याचं काय करायचं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अंधश्रद्धा म्हणून ते उडवून लावणाऱ्यानं मूल गमावलेल्या आईसमोर एकदा बसून पाहावं. आपण रात्रीच निघालो असतो तर, दूध पाजताना लक्ष दिलं असतं तर, अशा ‘तर’च्या फेऱ्यांत ती अडकलेली असते. त्यातून तिला बाहेर काढायला त्या क्षणी दुसरं काहीच पुरत नाही. पण याच विचाराची दुसरी बाजू कडू आहे. मोठ्या माणसाच्या मरणाला त्याची कर्मं तरी चिकटवता येतात. पाच दिवसांच्या बाळानं काय केलेलं असतं? मग गाडी मागल्या जन्माकडे वळते, आणि तिथं काही हाती लागत नाही म्हणून शेवटी आईपाशी येऊन थांबते. तिनं ग्रहणात भाजी चिरली, ती पांढऱ्या पायाची, तिची कूसच तशी. दैवाचा सिद्धांत सुरू होतो सांत्वनासाठी आणि पुष्कळदा संपतो एका बाईवर ठपका ठेवून.

सटवाईला पाचवी-सहावी रात्रच का लागते, याचं एक उत्तर वैद्यकात सापडण्याजोगं आहे. नाळेवाटे होणारा धनुर्वात बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. चांगलं दूध पिणारं बाळ अचानक पिणं सोडतं, जबडा घट्ट मिटतो, अंग धनुष्यासारखं ताठतं. पहिल्या आठवड्याच्या आसपास येणारं हे मरण आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. त्या भीतीतूनच सटवाईची रात्र ठरली असं सिद्ध करता येणार नाही, पण दिवा विझू न देण्यामागे नुसती कल्पना नसावी, अनुभवही असावा. पुढे गरोदर बायांना धनुर्वाताची लस मिळू लागली, नाळ निर्जंतुक पात्यानं कापली जाऊ लागली, तिच्यावर शेण-राख लावणं कमी झालं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात माता आणि नवजातांचा धनुर्वात निर्मूलनाच्या पातळीवर आल्याचं मान्य केलं. शतकानुशतकं कपाळावर लिहिलेलं म्हणून सोसलेलं एक मरण असं जवळपास पुसलं गेलं. त्यासाठी सटवाईची पूजा कोणी बंद केली नाही. आजही गावची आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, बाळाला पाहायला तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येते, मग चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिचं वेळापत्रक आणि म्हातारीची भीती एकाच आठवड्याभोवती फिरते.

‘आयुष्य ठरलेलं असतं का?’ हा प्रश्न आधुनिक डॉक्टरांनी काढलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयांना, नेमकं हेच विचारतो. आत्रेयांचं उत्तर रोखठोक आहे. आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून असतं. सगळ्यांचं आयुष्य आधीच मोजून दिलेलं असेल तर औषधं, मंत्र, मणी, होम कशाचीच गरज उरली नसती आणि पिसाळलेल्या हत्तीपुढून पळण्याचंही कारण नव्हतं. पुढे ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस नीट वापरला तर झिजून आपल्या वेळी संपतो. तोच आस जास्त ओझ्यानं, वाईट रस्त्यानं, वंगण न मिळाल्यानं वाटेतच मोडतो. पहिलं काळमरण, दुसरं अकाळमरण. ज्या परंपरेच्या नावानं ‘लिहिलेलं टळत नाही’ असं सांगतात, तिच्याच वैद्यकशास्त्राच्या मूळ ग्रंथात टळू शकणाऱ्या मरणाला असं स्वतंत्र घर दिलेलं आहे.

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी वस्त्या आहेत. तडवी मुसलमान, त्यांच्याकडे हाच प्रश्न तकदीर म्हणून येतो. इस्लामच्या इतिहासात त्यावरचा प्रसिद्ध प्रसंग खलिफा उमर यांचा आहे. शाममध्ये, म्हणजे सीरियाच्या प्रदेशात, प्लेग पसरल्याचं कळताच त्यांनी वाटेतूनच माघारी फिरायचं ठरवलं. सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं, अल्लाच्या तकदिरीपासून पळता काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण एका तकदिरीकडून दुसऱ्या तकदिरीकडे चाललो आहोत. आणि खान्देशचीच साक्ष काढायची तर आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी आहेत. वैधव्याच्या ऐन दुःखात हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला त्यांनी कवितेतून परत पाठवलं. तळहाताच्या रेघोट्यांना नशीब मानायची त्यांची तयारी नव्हती.

मग अडतं कुठे? श्रद्धेपाशी अडतं, असं शहरात बसून म्हणायची सवय आहे. प्रत्यक्षात सातपुड्यातल्या पाड्यावरचा बाप मूल फणफणलं म्हणून दैवावर हवाला ठेवून बसत नाही. तो त्याला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणतो. वाटेत भगताकडे जातोही, पण त्याचं कारण नेहमी तत्त्वज्ञानाचं नसतं. भगत पाड्यावरच राहतो, रात्री दोन वाजता उठतो, त्याच्या भाषेत बोलतो आणि केसपेपर मागत नाही. सरकारी आरोग्यसेवेला या चारही गोष्टी जमल्या तर भगताशी वेगळं भांडण काढावं लागणार नाही.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं इथं शहाणी रेघ ओढली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. प्रार्थना कायद्याला खुपत नाही. दवाखान्याची वाट अडवणं मात्र त्याला चालत नाही.

मण्यारीचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या पोराला ती रात्री चावते. तिचे दात बारीक, वेदना जवळपास नाही. पहाटे पोर पोट दुखतं म्हणून उठतं, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं, आवाज बसतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा झाली. खरं तर हे मूल वाचवता येतं. प्रतिविष मुलालाही मोठ्या माणसाइतकंच द्यावं लागतं, कारण साप वजन पाहून विष सोडत नाही. आणि श्वास थांबला तरी कोणी हातानं अंबू बॅग दाबत राहिलं तर मूल तासन्‌तास तग धरतं. चोपड्याहून जळगाव किंवा शिरपूरहून धुळं गाठेपर्यंत गाडीत बॅग दाबणारे हे दोन हात असणं किंवा नसणं, एवढ्यावर त्या पोराचं आयुष्य ठरतं. आत्रेय ज्याला पुरुषकार म्हणतात तो इथं डोळ्यांना दिसतो.

विंचवाची गोष्टही वेगळी नाही. लाल विंचवाच्या दंशानं पोरं दगावत तेव्हा त्यालाही विधिलिखितच म्हणत. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला या रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. हृदय नेमकं कसं थकतं हे त्यांनी टिपलं, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरून मृत्यू एकदम खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुलांची तातडीची सेवा म्हणजे मोठ्यांच्या सेवेची लहान आवृत्ती नव्हे, हे अजून पुष्कळ दवाखान्यांत उतरलेलं नाही. मोठ्या माणसाच्या अंबू बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते, नवजाताच्या बॅगेत पाव लिटर. आणि तीन किलोच्या बाळाला एका श्वासाला लागतात जेमतेम पंधरा-वीस मिलिलिटर. मोठी बॅग घाईत दाबली तर फुप्फुस फाटू शकतं. मास्कचा आकार वेगळा, शिरेत घालायची सुई वेगळी, औषध वजनावर मोजायचं. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात व्हावी लागते. त्या मिनिटात कपाटाची किल्ली शोधायला कोणी जाऊ शकत नाही. न्यूमोनियाचं बाळ ओळखायला तर यंत्रही लागत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास, पाच वर्षांच्या आतल्याचे चाळीस भरले किंवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, की निघायचं.

निघाल्यावर काय होतं? राज्यात १०८ची रुग्णवाहिका सेवा २६ जानेवारी २०१४ला सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ अद्ययावत जीवरक्षक सामग्रीच्या होत्या. त्याआधीचे दिवस आठवणाऱ्याला हा बदल लहान वाटणार नाही. पण गाडी म्हणजे नुसती चाकं नव्हेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एरंडोलहून एका गरोदर बाईला जळगावला नेणाऱ्या रुग्णवाहिकेच्या इंजिनातून धूर निघू लागला. चालकानं गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं, लांब जायला लावलं. थोड्याच वेळात आग लागून आतल्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला आणि आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. बाई वाचली. देवानंच वाचवलं, असं अनेकांनी म्हटलं असेल आणि त्याला हरकत नाही. पण चालकाचं प्रसंगावधान आणि इंजिनाची देखभाल हे दोन्ही विषय देवाच्या खात्यावर टाकून फाइल बंद करता येत नाही.

आपल्याकडे मरणाची कारणमीमांसा दोनच टोकांवर होते. एक तर नशीब, नाही तर समोरचा डॉक्टर. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. मेंदूचा शल्यविशारद तिथं नव्हता. रुग्णाला दुसरीकडे न्या असं सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं, की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम थांबवलं. त्या रात्री तज्ज्ञ नसणं हे त्या तरुणाचं पाप नव्हतं आणि रुग्णाचं प्रारब्धही नव्हतं. दैव आणि डॉक्टर यांच्या मध्ये तिसरा कोणी उभा असतो. मंजूर होऊनही न भरलेलं पद, दुरुस्तीत पडलेलं वॉर्मर, धुळ्याहून नाशिक किंवा जळगावहून संभाजीनगर म्हणजे दीडशे किलोमीटरांची वाट. त्याला मारता येत नाही आणि त्याच्या नावानं रडताही येत नाही, म्हणून तो सुटतो. अकाळमरणाच्या चर्चेत आस मोडल्यावर ओझं कोणी लादलं हे विचारणं ओघानंच येतं. आपण ते विचारत नाही.

विचारलं तर काय होतं, हे गडचिरोलीनं दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांतल्या थोडंसं शिकलेल्या बायकांना बाळ तपासायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या गावांतले देव, भगत, नवस सगळे जागच्या जागी होते.

म्हणून सांत्वनाचं वाक्य कोण आणि कधी बोलतो, याला महत्त्व आहे. मूल गेल्यावर शेजारीण ते बोलली तर ती माया आहे. तेच वाक्य मूल जिवंत असताना कोणी बोललं, किंवा कोणा अधिकाऱ्यानं अहवालातल्या शब्दांत बोललं, तर ते काम टाळणं आहे. सरकारच्याच नियमाप्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाच्या मृत्यूचं अन्वेषण व्हायचं असतं; घरी निघायला उशीर झाला, वाटेत झाला की दवाखान्यात पोचल्यावर, हे त्यात शोधायचं असतं. हे अन्वेषण बऱ्याच गावांना ठाऊकही नसतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनी कुटुंबाचं नाव गुप्त ठेवून ते निष्कर्ष मागवावेत, सभेत वाचून घ्यावेत आणि उशीर दवाखान्यात झाला असेल तर त्यावर काय केलं याचं उत्तर पुढच्या सभेच्या आत लेखी घ्यावं.