एक ग्रंथ, दोन वाटा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

*रविवारचं चिंतन*



आपल्या सत्संगात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. काही घरांत एक भाऊ गुरुवार करतो आणि दुसरा रविवारी चर्चला जातो. कुठे कुठे तर दोघांचं एका पंगतीत बसणंही बंद झालंय. मग माणसं विचारतात, "त्यांचा देव वेगळा का? ते यहुदी म्हणतात ते हेच का? आम्ही वागायचं कसं?" माऊलींचं सांगणं आपल्याला ठाऊक आहे: ज्याच्याशी वाद घालायचाय, त्याचं आधी पूर्ण ऐकून घ्या. म्हणून आज ऐकून घेऊ.

*मूळ एकच*

यहुदी, म्हणजे ज्यू, आणि ख्रिस्ती हे दोन वेगळे धर्म आहेत, पण मूळ एक. देव एकच, त्यानेच सृष्टी केली, त्याची मूर्ती करायची नाही, हे यहुदी मानतात. अब्राहाम हा त्यांचा मूळपुरुष. मोशेला सीनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळाल्या. दावीद राजाच्या नावाने चालत आलेली स्तोत्रं ते आजही म्हणतात. हे सगळं ख्रिस्ती लोकही मानतात. यहुद्यांचा जो पवित्र ग्रंथ, तोच ख्रिस्ती बायबलात 'जुना करार' म्हणून पहिला येतो. येशू स्वतः यहुदी घरात जन्मले. आठव्या दिवशी त्यांची सुंता झाली, ते शब्बाथ पाळत, वल्हांडणाचा सण करत. देवावर पूर्ण मनाने प्रेम कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर, या दोन आज्ञा त्यांनी सर्वांत मोठ्या म्हणून सांगितल्या. त्या दोन्ही जुन्या यहुदी ग्रंथातल्याच.

आपल्या जिल्ह्यात यहुदी वस्ती नाही, पण मराठी बोलणारे यहुदी आहेत बरं का! कोकणातले बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ समुद्रात गेले. उरलं ते 'शेमा', म्हणजे देव एकच असं सांगणारी प्रार्थना, सुंता आणि शनिवारचा विसावा. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. दिवेकर, पेणकर, केहीमकर अशी गावावरून पडलेली त्यांची आडनावं. ग्रंथ हाती नसताना केवळ नेमाच्या जोरावर ही माणसं शेकडो वर्षं टिकली. नेमाची ताकद ती हीच.

*फरक कुठे?*

*पहिला फरक : आला की यायचा आहे?* देवाचा अभिषिक्त, म्हणजे मशीहा, येईल आणि जगात न्याय-शांती नांदेल, ही यहुद्यांची आशा. 'ख्रिस्त' हा शब्द त्याच 'मशीहा'चं ग्रीक रूप. ख्रिस्ती म्हणतात, तो आला, तो येशू, आणि तो पुन्हा येईल. यहुदी म्हणतात, जगात अजून शांती कुठे आहे? तो यायचा आहे.

हे एलियाच्या गोष्टीवरून छान कळतं. एलिया संदेष्टा मेला नाही, अग्निरथातून स्वर्गात गेला, आणि तो मोठा दिवस येण्याआधी परत येईल, असं ग्रंथ सांगतो. म्हणून यहुदी घरात सुंतेच्या वेळी एलियासाठी एक खुर्ची मांडतात. बेने इस्राएल नवस फेडताना, लग्नकार्यात 'मलिदा' करतात. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून 'एलियाहू हन्नबी'चं स्मरण करायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात, जशा आपण पादुका दाखवतो. ख्रिस्ती मात्र म्हणतात, येशूच्या आधी आलेला बाप्तिस्मा करणारा योहान, त्याच्या रूपाने एलिया येऊन गेला. ग्रंथ तोच, पण एकाची खुर्ची रिकामी आहे, दुसऱ्याची भरली.

*दुसरा फरक : देव माणूस होतो का?* ख्रिस्ती म्हणतात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, आणि पुत्र येशूच्या रूपाने माणूस झाला. पैनगंगेपलीकडे माहूरगडाकडे हात जोडणाऱ्या आपल्याला लगेच दत्तप्रभूंची तीन मुखं आठवतात. पण घाईने 'तेच ते' म्हणू नये. त्यांच्या मते देव एकदाच माणूस झाला, युगायुगांत पुन्हा पुन्हा अवतार नाही. यहुदी तर इथे थांबतातच. गुरू असेल, संदेष्टा असेल, पण माणसाला देव म्हणणं त्यांना मान्य नाही.

*तिसरा फरक : नेम की कृपा?* ख्रिस्ती शिकवण अशी की माणूस मुळातच पापात अडकलाय, येशूने क्रुसावर प्राण देऊन त्याची सुटका केली, आणि ती श्रद्धेने, कृपेने मिळते. यहुदी मूळ पाप त्या अर्थाने मानत नाहीत. चुकलास तर मागे फीर, ज्याचं नुकसान केलंस त्याची माफी माग, योम किप्पूरला उपास कर, देव क्षमा करतो. पण यहुदी म्हणजे नुसते नियम असं समजू नका. देवाने आज्ञा दिल्या हीच त्याची कृपा, असं ते मानतात. आणि कृपा मिळालेल्या ख्रिस्ती माणसालाही चांगलं वागणं सुटत नाही. साधना आणि गुरुकृपा, दोन्ही धरून चालणाऱ्या आपल्याला हे कळायला जड नाही.

*फरकाचं काय करायचं?*

याची दोन उत्तरं जगाने पाहिली आहेत.

एक युरोपातलं. 'यांनी ख्रिस्ताला मारलं' असं म्हणत शेकडो वर्षं यहुद्यांना हाकललं, जाळलं. त्या द्वेषाच्या जमिनीवरच पुढे हिटलरच्या राज्यात सुमारे 60 लाख यहुदी मारले गेले. हा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवू नये, असं कॅथॉलिक चर्चने 1965 साली जाहीर केलं. किती उशीर!

दुसरं आपल्या मराठी मुलखातलं. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी 1829 साली मुंबईला आले. 1832 साली त्यांनी हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीतून काढलं. मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांची मुलं शिकली, आपला हरवलेला ग्रंथ मराठीत वाचू लागली. हे लोक ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांना आशा होती. झाले फारच थोडे. बाकीचे जास्त पक्के यहुदी झाले! पुढे तर त्यांनी अब्राहाम-मोशेची मराठी कीर्तनं केली. शेजाऱ्याकडून ज्ञान घेतलं आणि आपलं घर सोडलं नाही.

उलट रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना विसरले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. घर बदललं तरी अभंग त्यांच्या ओठांवरच राहिला. पत्नी लक्ष्मीबाई दुखावल्या, बरीच वर्षं दूर राहिल्या. पण नातं तुटू दिलं नाही, म्हणून पुन्हा एकत्र आले.

तेव्हा गुरुबंधूंनो, फरक खरा आहे. तो पुसायचा नाही, 'सगळं एकच' म्हणून झाकायचाही नाही. पण मत वेगळं झालं म्हणून भाऊ परका होत नाही. आपली श्रद्धा पक्की असेल तर त्याच्या प्रार्थनेने ती हलत नाही. आणि हलत असेल, तर कमी आपल्या साधनेत आहे, त्याच्या चर्चमध्ये नाही.

*या आठवड्याचा संकल्प :* ज्या घरात असं अंतर पडलंय, त्यांनी गुरुवारच्या आरतीनंतर त्या भावाला जेवायला बोलवावं. वाद नको, उपदेश नको. त्याने जेवणाआधी त्याची प्रार्थना केली तर शांत बसावं. मग आपण आपलं नाम घ्यावं आणि एका पंगतीत जेवावं.

जय गुरुदेव 🙏