बेटाला मागचं अंगण नसतं



मुंबईच्या गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात घारापुरी बेटाला लागते. डिझेलचा वास, मागे घिरट्या घालणारे सीगल. कुणीतरी हौसेनं त्यांना शेव भिरकावतं. रिकामं पाकीट वाऱ्यानं उडतं, पाण्यात पडतं. लाँच पुढे निघून जाते.

घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारसा आहेत. पण समुद्राखालच्या केबलनं बेटावर वीज पोचली ती २०१८ साली. तोवर गावकरी संध्याकाळी जनरेटरवर भागवत होते. जिथं उजेड यायला एवढी वर्षं लागली, तिथला कचरा बाहेर न्यायलाही होडीच लागते. बेटाला मागचं अंगण नसतं. टाकलेलं डोळ्यांसमोरच राहतं.

पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या छोट्या बेटराष्ट्रानं २०१७ मध्ये एक साधी रीत सुरू केली. पाहुण्याच्या पासपोर्टवर बेट जपण्याच्या प्रतिज्ञेचा शिक्का उमटतो आणि त्याखाली तो सही करतो. वचन सरकारला नाही, बेटावरच्या मुलांना दिलेलं असतं. २०२० पासून प्रवाळांना घातक सनस्क्रीनही तिथं बंद आहेत.

आपल्या सहलवाल्यांनाही असं बेट जपणं जमण्यासारखं आहे. बाटल्यांऐवजी पाण्याचा जार, वेळच्या वेळी इंजिनाची देखभाल, गावातलाच वाटाड्या, गावातलंच जेवण. आणि आपल्याला? तिकीट काढताना एकच प्रश्न विचारा : "दादा, कचऱ्याची पिशवी परत येते ना?" चार जणांनी विचारलं, की पाचव्या फेरीला पिशवी आपोआप दिसेल.