सोसायचे की ऑपरेशन करायचे?



यंदा उपवासकाळात क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला आम्ही एकाही स्थानापुढे गुडघे टेकले नाहीत, हे तुमच्या नजरेतून सुटले नसेल. फादरांचे गुडघे गेले, अशी बातमीही पसरली. गुडघे ठणठणीत होते. मणक्यांमधली गादी सरकून शिरेचे मूळ दबले होते आणि कमरेपासून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत विजेसारखी कळ जात होती. सायटिका.

नाताळपासून मे महिन्यापर्यंत आम्ही ती कळ बाळगली. सल्ले भरपूर मिळाले. एका घरी ऐकले, ‘फादर, मणक्याला हात लावू देऊ नका, माणूस कायमचा झोपतो.’ शेजारच्याच घरी जावयाचे ऑपरेशन होऊन तो महिन्याभरात कामावर गेला होता! डॉक्टर म्हणाले, दोन्ही रस्ते मोकळे आहेत, तुम्ही सांगा. आम्हाला त्यांचा रागच आला. निर्णय त्यांनी घ्यावा आणि पुढे काही बिघडले तर दोषही त्यांनीच घ्यावा, ही आमची सोय होती.

काही वेळा प्रश्नच उरत नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचे. पाऊल उचलेनासे झाले तरी घरगुती तेल चोळत बसू नये. एरवी बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुरीवाचून ओसरते. हॉलंडमधल्या २८३ रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींना लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी वाट पाहणे. वर्षअखेर दोन्ही गटांतले शंभरातले सुमारे ९५ जण ‘आम्ही बरे झालो’ म्हणाले. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, एवढाच मोठा फरक. मात्र वाट पाहणाऱ्यांपैकी शंभरातल्या ३९ जणांचेही वर्षभरात ऑपरेशन झालेच होते.

म्हणजे निवड होती ती मधल्या महिन्यांची. ते कसे काढायचे आणि कोणाच्या जिवावर?

आम्ही म्हणत होतो, ही वेदना प्रभूला अर्पण केली आहे. तशी ती अर्पण करता येते, यात शंका नाही. पण सोसलेच पाहिजे असे ख्रिस्तसभेने कधी सांगितलेले नाही. वेदना शमवणारी औषधे घेण्यात पाप नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांसमोर स्पष्ट केले होते. मग आमचे अर्पण म्हणजे नेमके काय होते? बरेचसे भय होते. भुलीचे भय, सुरीचे भय. भक्तीचा झगा घातला की भय ओळखू येत नाही, घालणाऱ्यालाही नाही.

ते कळले पापनिवेदनाच्या आसनावर. या दुखण्यात बसणे सर्वांत कठीण. एका शनिवारी कोणीतरी फार जड काहीतरी सांगत होते आणि आम्ही मनात म्हणत होतो, लवकर आटपा. त्या व्यक्तीला ते जाणवले असावे. मधेच थांबून म्हणाली, ‘असू द्या फादर.’ वेदना आमची होती, पण तिची किंमत भलत्यानेच मोजली. तशीच ती सहायक धर्मगुरूंनी मोजली. आजाऱ्यांच्या घरचे सगळे जिने तेच चढत होते.

सेमिनरीत शिकलो होतो, संत थॉमस अक्वायनस विवेकाची तीन कामे सांगतात: विचारविनिमय, न्याय आणि आज्ञा. त्यांतले मुख्य काम तिसरे, म्हणजे ठरले ते करायला स्वतःला लावणे. परीक्षेत आम्ही हे छान लिहिले होते. पाच महिने मात्र पहिल्याच पायरीवर बसून होतो आणि गिदोनाने लोकर पसरली तशी देवाकडे खूण मागत होतो. खूण मिळाली नाही. मे महिन्यात ऑपरेशन करून घेतले.

आपल्याच धर्मग्रामातल्या एका मावशींना हेच दुखणे आहे. त्यांनी ऑपरेशन नको म्हटले. आता रात्री झोप लागते, कळ गुडघ्याखाली उतरत नाही, मग कशाला, असे त्या म्हणतात. त्यांचेही बरोबर आहे. त्यांना कोणी आमचे उदाहरण देऊ नये, ही विनंती.

उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात याकोब रात्रभर झुंजतो आणि मांडीच्या सांध्यावर मार बसून लंगडत निघतो. यहुदी लोक जनावराची ती शीर खात नाहीत. त्यांच्या परंपरेप्रमाणे ती हीच सायटिकाची शीर. आशीर्वाद मिळाला, पण लंगडणे तिथल्या तिथे गेले असे तिथे लिहिलेले नाही.

आमची कळ गेली. करंगळी अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणतात, संवेदना परत येईल किंवा येणारही नाही. येत्या पहिल्या शुक्रवारपासून आजाऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही स्वतः येऊ. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी थोडी वाट पाहावी, आम्ही जिना सावकाश चढतो.