बांधावरचा केना कुणाचा?

माझ्या सातबाऱ्यावर सोयाबीन आहे, भुईमूग आहे, एका साली थोडा घेवडा लावला होता त्याचीही नोंद आहे. केन्याची नोंद नाही. चाळीस वर्षं शेती करतोय, तलाठी कितीतरी बदलले, पण कुणी बांधावर वाकून "हे काय उगवलंय" असं विचारलं नाही. विचारायचं कारणही नाही. केना म्हणजे तण. न लावता आलेलं, न मागता वाढलेलं, उपटून टाकायचं.

आमचं गाव सातारा तालुक्याच्या पश्चिम अंगाला. मिरगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत बांधावर, परड्यात, सोयाबीनच्या सरीत केना डोकं काढतो. सकाळी निळी फुलं उघडतात आणि दुपारच्या भाकरीच्या वेळेपर्यंत मिटूनही जातात. एका फुलाचं आयुष्य एवढंच. लहानपणी शाळेला जाताना आम्ही फुलाखालचा हिरवा द्रोण चिमटीत दाबायचो. आतनं चिकट पाण्याचा थेंब बाहेर येई. ज्याचा थेंब मोठा तो जिंकला. घरी आई त्याच पाल्याची भजी करायची. म्हणजे केना मला माहीत नव्हता असं नाही. माहीत होता, पण पुढं शेती माझ्या अंगावर आली तसा तो मी विसरलो. शेतकऱ्याला पीक दिसतं, बाकीचं सगळं आडवं आलेलं दिसतं.

आणि केना आडवा येतोच, हे खोटं कशाला सांगू? भांगलायला लागलं की समजतं. खुरप्यानं तोडला तर तुटलेल्या पेऱ्याला पुन्हा मुळी फुटते. पाऊस असेल तर उपटून टाकलेला ढीगसुद्धा जागच्या जागी हिरवा होतो. भांगलणीच्या बाया उपटतात आणि बांधावर फेकतात, की तो बांधावर धरतो. बांधावरचा केना म्हणजे आम्हीच आमच्या हातानं लावलेला.

आमच्या आळीत एक म्हातारी आहे. नात्यानं कुणाची कोण ते सांगायला बसलो तर पान भरेल; आम्ही सगळे तिला आत्या म्हणतो. तिला जमीन नाही. पावसाळ्यात ती सकाळीच निघते आणि बांधाबांधानं फिरून ओच्यात पाला भरून आणते. तांदुळजा, कुर्डू, पाथरी, केना. माझ्या बांधावर ती माझ्या वडिलांच्या वेळेपासून येते. येताना कधी विचारलं नाही, आम्हीही कधी हटकलं नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. भांगलणीला बाया मिळेनात. शेजारच्या गावातनं टेम्पो भरून बाया आणायच्या तर हजेरी परवडेना. सगळे ग्लायफोसेट मारत होते, मीही आणलं. पीक सोडून बांध आणि ताली तेवढ्या फवारून घेतल्या. या औषधाची एक गोष्ट ज्यानं मारलंय त्यालाच ठाऊक असते. ते लगेच दिसत नाही. पान पिवळं पडायला चार-आठ दिवस लागतात. तोवर बांध हिरवागार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीला निघालो होतो, बाजाराचा दिवस होता. आत्या माझ्या बांधावर वाकलेली. ओचा अर्धा भरलेला. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, मी हात केला आणि पुढं गेलो.

एसटी चुकेल असं मनाशी म्हणालो. ते खरं कारण नव्हतं. हाक मारून थांबवायला किती वेळ लागला असता? एक कारण लाजेचं होतं. आई ज्याची भजी करायची त्यावर औषध मारलं हे म्हातारीला कसं सांगायचं? पण आणखी एक कारण त्याच्याखाली होतं आणि ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मनात असं आलं होतं की बांध माझा, औषध माझं, तिला कुणी सांगितलंय माझ्या बांधावरचं न्यायला?

दिवसभर बाजारात लक्ष लागलं नाही. दिवेलागणीला परत आलो तो तसाच तिच्या दारात गेलो.

"आत्या, सकाळची भाजी..."

"केली की. पोरांस्नी भजी करून घातली. दोन तुझ्यासाठी ठेवायची, पर ऱ्हायली न्हाईत."

"बांधावर औषध मारलं हुतं मी. परवा."

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "सकाळी बघितलंस की मला."

"व्हय."

ती पुढं काही बोलली नाही. नातवंडांना हाक मारून उजेडात बसवलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मी मोटारसायकलवर पोरांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं, लक्ष ठेवा म्हणाले. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पोरं अंगणात खेळत होती. काही झालं नाही.

काही झालं नाही, हेच मी पुढं दोन-तीन वर्षं स्वतःला सांगत होतो. आमच्याकडं सगळ्या गोष्टींचा निकाल असाच लागतो. गाडी घसरली, पण काही झालं नाही. वायर उघडी होती, पण काही झालं नाही. जणू वाईट झालं तरच चूक, नाहीतर चूक नाही. पण मी हात करून पुढं गेलो तेव्हा संध्याकाळी काय होणार हे मला माहीत नव्हतं. पोरं आजारी पडली असती तरी मी तेवढंच केलं असतं, आणि बरी राहिली तरी तेवढंच केलं. माझ्या हातात होतं ते मी सकाळीच करून बसलो होतो. त्यापुढचं नशिबाचं. नशीब चांगलं निघालं म्हणून माणूस चांगला निघत नाही.

पुढच्या पावसाळ्यात बांधाची तऱ्हा बघण्यासारखी झाली. तांदुळजा गेला, पाथरी गेली, कुर्डू कुठं तरी एखादा. आणि केना मात्र पहिल्यापेक्षा दाट. बाकीच्यांना औषधानं मारलं आणि केन्याला जागा मोकळी करून दिली. कृषी महाविद्यालयात शिकवणारे एक सर आमच्या पाहुण्यांत आहेत. ते म्हणाले, हे तुमच्या एकट्याच्या बांधावर झालेलं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सोसणारा कापूस आला, सगळे एकच औषध मारू लागले, आणि 2000 नंतर तिथं कापसातलं सगळ्यात तापदायक तण म्हणून आपलाच केना पुढं आला. ग्लायफोसेटनं तो सहसा पुरता मरत नाही.

एवढा केना माजला, पण आत्या माझ्या बांधावर आली नाही. शेजारच्या बांधावर यायची, ओढ्याला जायची, माझी ताल आली की वळसा घालून पुढं. भांडण नाही, अबोला नाही. वाटेत भेटली की "बरा हाईस का" म्हणायची. फक्त माझ्या बांधाला हात लावत नव्हती.

शेवटी एके दिवशी मीच ओढ्यावर तिच्यामागं गेलो. म्हटलं, मला दाखव तू काय काय खुडतेस. ती हसली. "दहावी शिकलास आन केना वळखत न्हाईस व्हय रं?" पण तिनं दाखवलं.

मी ज्याला सरसकट केना म्हणत होतो तो एक नव्हता. आमच्या बांधावरचा, भजीचा, तो रुंद पानाचा. पान खोडाला बिलगतं तिथं तांबूस केस असतात. फुलाखालचा द्रोण एका बाजूनं शिवल्यासारखा बंद, म्हणून त्यात पाणी साठतं. तो उपटून बघितला तर मातीखाली पांढरे कोंब निघतात, आणि त्या कोंबांनाही बोंडं असतात. मातीतच फुलतो, न उघडता, आणि तिथंच बी धरतो. चाळीस वर्षं उपटतोय, मुळाकडं कधी बघितलं नव्हतं. आत्या म्हणाली, "वर एक दावतंय आन खाली दुसरंच करून ठेवतंय." ती माझ्याकडं बघून म्हणाली की नाही, ते मी विचारलं नाही.

ओढ्याच्या काठाला, भाताच्या खाचराच्या कडंला दुसरा. पान अरुंद, लांबट, गुळगुळीत. फूल तसंच निळं, पण खालचं पान शिवलेलं नाही, नुसतं घडी घातलेलं, होडीसारखं. हा ओलीशिवाय राहत नाही. वर डोंगराच्या झाडीत, सावलीला, आणखी एक उंच वाढणारा, शेंड्याला द्रोणांचा झुबका असलेला. आणि खाचरात नाजूक जांभळ्या फुलाचं एक गवतासारखं तण असतं, तेही मी केन्यातच धरत होतो. आत्या म्हणाली, ह्याला द्रोणच नाही, मग हा केना कसा? सरांनी नंतर सांगितलं की ती केन्याच्याच कुळातली, पण वेगळ्या घरातली वनस्पती आहे. आत्यानं पुस्तक न उघडता तेच सांगितलं होतं.

सरांकडनं मला केन्याच्या नावाची गोष्टही कळली. शास्त्रात त्याला कॉमेलिना म्हणतात. हे नाव लिनियसनं रूढ केलं, हॉलंडच्या कॉमेलिन घराण्यावरून. केन्याच्या फुलाला तीन पाकळ्या. दोन मोठ्या निळ्या आणि तिसरी बारकी, फिकट, बघितल्याशिवाय दिसत नाही. लिनियसनं लिहून ठेवलंय की त्या घराण्यातले दोघं वनस्पतिशास्त्रात नावाजले आणि तिसरा काही करून दाखवायच्या आधीच वारला. त्या दोघांतला यान कॉमेलिन यानं आपल्या मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाच्या काही खंडांना टिपणं लिहिली. तो ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यातली माहिती इट्टी अच्युतन या वैद्यानं आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी पुरवली होती. त्यांची नावं तरी ग्रंथात आहेत. पण रानात जाऊन झाडं तोडून आणणारे जे कोण असतील, त्यांचं काय? मला वाटतं ती तिसरी पाकळी तीच. माझ्या बांधावर वाकलेली आत्याही त्यातलीच.

सप्टेंबरात नातवाला घेऊन कासच्या पठारावर गेलो होतो. तिकीट काढून लोक फुलं बघत होते. एका खडकाच्या कडंला निळ्या-जांभळ्या फुलांत बारीक केसांचा झुपका दिसला. तिथला माणूस म्हणाला, ही नभाळी. म्हणजे केन्याचीच नातेवाईक. पठारावर तिच्यावर पाय पडू नये म्हणून राखणदार, आणि आमच्या बांधावर तिच्या भावकीवर पंप. झाड तण आहे की फूल, हे झाड ठरवत नाही. कुठं उगवलं आणि बघणाऱ्याचं काय अडलंय, त्यावर ठरतं. सोयाबीनच्या सरीतला केना मी आजही काढतो, आणि त्याचं मला काही वाटत नाही. पिकावर माझं घर चालतं.

पण बांध? आमच्या वडिलांच्या वेळी सुगी झाली की रानात पडलेली कणसं आपण उचलायची नाहीत अशी रीत होती. तो सरवा, तो ज्यांना रान नाही त्यांनी वेचायचा. जमीन आमचीच, पण सरवा आमचा नव्हता. कुठल्या कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. न लावता आलेला केना हाही पावसाळ्यातला सरवाच. मी तो पेरला नाही, पाणी दिलं नाही. माझा हक्क सांगायचा तर कशाच्या जोरावर सांगू? आणि समजा बांध माझा आहे, सोळा आणे माझा आहे, तरी तिथं विष टाकलं हे सांगायचं ओझं कमी होतं का? उलट वाढतं. दुसऱ्याच्या बांधावर औषध मारल्याचं मला ठाऊक नसतं. माझ्या बांधावर काय आहे हे मला एकट्यालाच ठाऊक असतं. मालकीचा खरा अर्थ मला तेवढाच दिसतो.

2022 साली सरकारनं ग्लायफोसेटच्या वापरावर बंधन घातलं. प्रशिक्षित कीडनियंत्रकाशिवाय कुणी मारू नये, असा नियम झाला. नियम चांगला. पण हात करून पुढं निघालेल्या माणसाला थांबवेल असा नियम कुणी करायचा?

मी बांधावर औषध मारणं सोडून सहा वर्षं झाली. विळ्यानं कापतो, गुरांना घालतो. तांदुळजा पुन्हा आला, पाथरी अजून नाही. आत्याही तिसऱ्या साली परत आली. मला वाटलं, झालं, मिटलं. पण पहिल्यासारखी सरळ वाकली नाही. आधी माझ्या घरावरनं आली.

"मारलंय का रं?"

"न्हाई आत्या."

दरवर्षी ती हेच विचारते. पहिल्यांदा जीव चरकला. आता सवय झाली. विचारलं पाहिजेच तिनं. यंदा मिरगानंतर आली तेव्हा काठी टेकत आली, सोबत मोठी नात होती. मी उत्तर दिलं, तरी म्हातारीनं एक पान खुडून नाकाशी धरलं, उलटसुलट बघितलं, आणि मग नातीला म्हणाली, "घे."