शत्रूचा तलाव

इंग्रज माणूस मोठा हिशेबी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याच्या भाषेत मात्र हिशेब कुठेच लागत नाही. एकीकडे हा गृहस्थ एकाच शब्दाला चार-चार कामांना जुंपतो, आणि दुसरीकडे एकाच कामाला चार-चार शब्द ठेवतो. म्हणजे एका घरात एकच गडी पाणी भरतो, गुरं राखतो, दळण आणतो आणि रात्री पहाराही देतो. आणि शेजारच्या घरात नुसता पानाचा डबा उघडायला चार नोकर! या दोन घरांच्या मधल्या बोळात उभं राहून मी भंडारा जिल्ह्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं.

आमच्या जिल्ह्यात या भानगडीला तोटा नाही. भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. पितळ म्हणजे ब्रास. पण वैनगंगेची रेती घेऊन ट्रकवाला येतो तोही ब्रासच म्हणतो. त्याचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. घराची एक खोली वाढवताना मी बायकोला ओरडून सांगितलं, ‘‘अगं, दोन ब्रास दारातच टाकून गेला!’’ पुण्याहून आलेले आमचे साडू तेवढ्यानं जेवता जेवता उठले. म्हणाले, ‘‘अहो, मग आत घ्या ना आधी, चोरीला जाईल!’’

तिकडे तुमसर तालुक्यात चिखल्याला मँगनीजची खाण आहे. खाण म्हणजे माइन. जमिनीत पुरलेला सुरुंग तोही माइन. आणि ‘माझं’ म्हणायचं असेल तरी माइनच! खाणीत उतरून ‘धिस माइन इज माइन’ असं म्हणणारा मजूर मी अजून पाहिलेला नाही. व्याकरणात ते वाक्य अगदी शुद्ध आहे, एवढंच.

पण या सगळ्या विनोदांच्या तळाशी माझी एक जुनी टोचणी आहे. आज ती सांगून टाकतो.

डिसेंबर 1971 ची लढाई नुकतीच संपली होती. वर्तमानपत्रं, रेडिओ, पानठेला, सगळीकडे रणगाडे धडधडत होते. जानेवारीत मी चाचणी परीक्षेत भाषांतराला एक वाक्य घातलं : ‘अवर सोल्जर्स डिस्ट्रॉइड द एनिमीज् टँक्स.’ वाटलं, ताज्या घडामोडींचं वाक्य आहे, पोरं खूष होतील. साकोलीकडच्या एका खेड्यातून आलेल्या मुलानं उत्तर लिहिलं : ‘आमच्या जवानांनी शत्रूचे तलाव फोडले.’

मी तांबड्या शाईनं ‘राँग’ लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मास्तर विनोदी असला की मुलांचं कल्याण नाही. पेपर वाटताना मी ते वाक्य नाट्यपूर्ण आवाजात वाचून दाखवलं. वर्ग खिडक्यांची तावदानं हादरेपर्यंत हसला. तो मुलगा मात्र उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘‘पण सर, दुश्मनचा असला तरी तलाव कायला फोडाचा जी?’’

आता हसण्याची दुसरी लाट आली, आणि खरं सांगतो, त्या लाटेत मीही होतो. त्या दिवसापासून त्याचं नाव ‘तलावफोड्या’ पडलं. पुढची दोन वर्षं तो माझ्याच वर्गात होता. त्यानं पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. त्या वेळी मला वाटलं, पोरगं सुधारलं.

आता जरा विचार करा. त्याला ‘टँक म्हणजे तलाव’ हे शिकवलं कुणी? मीच! ‘देअर इज अ टँक इन अवर व्हिलेज’ हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. आणि लिहू नये तर काय? आमचा जिल्हाच तलावांचा. कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या मातीच्या पाळी घालून बांधलेले तलाव, बोड्या. त्यांच्यावर आमचं धान पिकतं. इंग्रजांच्या दप्तरात या सगळ्यांची नोंद ‘टँक’ अशीच आहे. पुढे 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदावर ते झाले ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि लिहायचा कंटाळा म्हणून ‘मामा तलाव’. पोहायला सगळे भाचे हजर. गाळ काढायचा म्हटलं की मामाचं घर एकदम लांब! ते असो. सांगायचं एवढंच, की आमच्या जिल्ह्यातल्या पोरानं टँक म्हणजे तलाव समजावं यात नवल नव्हतं. नवल मला वाटलं, हेच नवल.

निवृत्त झाल्यावर मला शब्दकोश वाचायची सवय लागली. या वयात कादंबरीतली पात्रं लक्षात राहत नाहीत. शब्दकोशात ती अडचण नसते. एका दुपारी ‘टँक’वर आलो आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललेला! गुजराती ‘टांकुं’ किंवा आपलं मराठी ‘टांकें’, हे त्याचं मूळ मानतात. पोर्तुगीज ‘टांक’चा हातभार लागला असेल, असंही सांगतात. आपलं टाकं म्हणजे शिवनेरीवर गंगा-जमुना आहेत ना, ते. पाण्याचं टाकं!

मग त्यात तोफ कशी शिरली? तर पहिल्या महायुद्धात, 1915 च्या अखेरीस, इंग्रजांनी हे नवं यंत्र गुपचूप बनवायला घेतलं. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून नाव असं हवं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, पाण्याची टाकी बनते आहे. म्हणून ‘टँक’. 15 सप्टेंबर 1916 ला सोमच्या लढाईत ती टाकी पहिल्यांदा रणांगणावर उतरली, आणि तिच्यात पाणी नाही हे जगाला कळलं. म्हणजे रणगाडा हा ‘टँक’चा अर्थच नव्हे मुळी, ती एक थाप होती. थाप इतकी चालली की शब्दकोशात जाऊन बसली. आणि मी त्या थापेचा कैवार घेऊन, खरं बोलणाऱ्या पोराला शून्य दिलं होतं!

तुम्ही म्हणाल, मास्तर, वाक्यात ‘सोल्जर्स’ होते, ‘एनिमी’ होता, तेव्हा उत्तर चुकलंच. मान्य. शंभर वेळा मान्य. आजही तो पेपर तपासायला आला तर मी मार्क देणार नाही. पण इथेच ते दुसरं घर येतं, चार नोकरांचं. मिस्टेक, एरर, फॉल्ट, राँग : मी फळ्यावर हे चार शब्द एकाखाली एक लिहून कंस घालत असे आणि पुढे एकच अर्थ द्यायचा, ‘चूक’. समानार्थी शब्द, पाठ करा! तीस वर्षं पाठ करून घेतले. या चौघांत फरक काय, हे मला त्या दुपारी कळलं. त्या पोरानं केली ती मिस्टेक. टँकचे दोन अर्थ असतात हे मी शिकवलंच नाही, तो माझा फॉल्ट. आणि भर वर्गात त्याला हसलो, ते राँग. मिस्टेकला शून्य मार्क देता येतात. राँगला किती द्यायचे, हे कुठल्याही मॉडेल आन्सरमध्ये नसतं.

शब्दाचे अर्थ कोशात सापडतात हो, पण एखाद्यानं त्यातला कुठला उचलला आणि का उचलला, ते त्याच्या गावी सापडतं. तपासणाऱ्यानं उत्तर चूक ठरवावं. तो त्याचा अधिकारच आहे. पण ते उत्तर आलं कुठून, हे न विचारता हसण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

चार-पाच वर्षांपूर्वी साकोलीच्या स्टँडवर बसची वाट पाहत होतो. एक पांढऱ्या केसांचा शेतकरी आला आणि वाकून पाया पडला. ‘‘ओरखलं का जी सर? तलावफोड्या!’’ तो हसत होता. मला हसू येईना. इतकी वर्षं घोळवलेलं वाक्य घशाशी आलं, पण स्टँडवर हॉर्नचा कल्लोळ. मी कसाबसा म्हणालो, ‘‘सॉरी.’’

त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही. तो कानाशी येऊन ओरडला, ‘‘म्या म्हटलं, घरी चाला! यंदा तलाव भरला आहे!’’

बघा, इंग्रजीनं तिथेही दगा दिला. म्हणून मी शुद्ध मराठीत म्हणालो, ‘‘अरे, चुकलं माझं.’’

‘‘काय चुकलं जी? गाडी? सहाची आहे ना अजून!’’

मग मात्र मी त्याला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. टाकं, थाप, सोमची लढाई, तांबडी शाई. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘त्या पावसाळ्यात आमची बोडी फुटली होती सर. बाबाचं सारं धान वाहून गेलं. पाळ फुटते तेव्हाचा आवाज म्या ऐकला होता जी. रणगाडा कुठं पाह्यला होता?’’

तेवढ्यात माझी बस लागली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, मी जागचा हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी गाडी मुद्दाम चुकवली, आणि त्याच्यामागून तलाव बघायला गेलो.