तळ्याकाठी कोणी माणूस हवा

(वाचा : योहान 5:1–9)



पालघर व बोईसर ह्या दोन स्टेशनांच्या मध्ये उमरोळी आहे. तेथील एक आजीबाई उपासनेस येईनाशा झाल्या, तेव्हा त्यांचा विश्वास थंडावला, असे आम्ही मनात धरले. पुढे भेटीस गेलो, तो कळले की, विश्वास थंडावला नव्हता. गुडघे धरले होते. सतरंजीवर बसले तर उठवत नाही, आणि उठताना चारचौघांत फजिती होते, ह्या लाजेने त्या घरी राहत. जन्मभर चिखलात वाकून भातलावणी केलेले ते गुडघे! आमच्या घाईच्या निवाड्याबद्दल आम्ही प्रभूची व त्यांची क्षमा मागितली.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी एक मनुष्य 38 वर्षे दुखणेकरी होता. बरे व्हावयाची इच्छा आहे काय, असे प्रभूने त्यास विचारले. त्याने होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही; आपणास पाण्यात सोडावयास कोणीच नाही, एवढेच गाऱ्हाणे सांगितले. त्याच्याजवळ तळे होते, माणूस नव्हता. रोगाहून हे दुःख मोठे होते.

आपल्या प्रांतीही अशी पाणी आहेत. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी व गणेशपुरी येथे, तसेच पालघर तालुक्यात सातिवली येथे ऊन पाण्याचे झरे आहेत, व सांधे धरलेले लोक तेथे जातात. उष्णतेने आखडलेले सांधे सैल होतात व काही वेळ बरे वाटते, हे खरे. परंतु सांध्यातील झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही.

शिवाय सर्व सांधेदुखी एक नव्हे. एक वयाने व झिजेने होते. तीस मांडीचे स्नायू बळकट करणारा नेमाचा व्यायाम, वजन उतरविणे, व दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी धरणे, ह्यांनी पुष्कळ आराम पडतो. दुसरीत शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. बोटे सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. तीस ‘वय झाले’ म्हणून सोडू नये. लवकर औषध सुरू केले, तर हात वाकडे होण्यापासून बहुधा वाचविता येतात.

1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे फिलिप हेंच ह्या डॉक्टरांनी ह्या दुसऱ्या रोगाने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन टोचले, आणि ती थोड्याच दिवसांत चालू लागली. 1950 साली त्यांस त्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परंतु तेच औषध फार दिवस दिले असता चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तात साखर वाढते, असे लवकरच दिसून आले. आज डॉक्टर ते जपून देतात. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत मात्र कधी कधी असलेच औषध गुपचूप मिसळलेले असते. म्हणून दोन दिवसांत नाचावयास लावणाऱ्या पुडीपासून सावध असा. ती पुष्कळ दिवस घेतली असेल, तर एकाएकी टाकू नका. पुडीसह डॉक्टरांकडे जा.

पण कोण नेणार? येथेच मंडळीचे काम आहे. आजीबाईंस औषधाची वाट ठाऊक नव्हती असे नाही; गाडीत हात देऊन चढविणारे, दवाखान्याच्या रांगेत जवळ बसणारे कोणी नव्हते. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करीत होतो, आणि खुर्ची ठेवीत नव्हतो.

प्रत्येक दुखणे जाईलच, असे आम्ही सांगत नाही. पौलाचाही काटा निघाला नाही. त्यास कृपा मिळाली. परंतु एकटेपणाचे दुखणे दूर करणे प्रभूने आपल्या हाती ठेवले आहे. ह्या रविवारी उपासनेच्या जागी भिंतीलगत दोन-चार खुर्च्या मांडा. मग ज्यांची जागा रिकामी दिसते, त्यांच्या घरी जा. कारण विचारण्यास नव्हे, तर हात देण्यास.

प्रभू आपणांस असे करावयास साहाय्य करो. आमेन.